तयार थीमवरचे संकेतस्थळ आमच्या व्यवसायाच्या ओळखीशी जुळत नाही. सुरुवात कुठून करावी?

शाईसुई (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघे भागीदार हाताने शिवलेल्या वह्या, दैनंदिन्या आणि कागदपत्रांसाठी पुठ्ठ्याच्या धारिका तयार करतो. व्यवसाय लहान असला तरी त्याची ओळख आम्ही पहिल्या दिवसापासून जपली आहे. वेष्टन, चिठ्ठी, बिल आणि पाठवणीचे खोके या सर्वांवर नारिंगी आणि शाईसारखा गडद निळा असे दोनच रंग असतात, कागद किंचित पिवळसर असतो, मजकूर मोजका असतो आणि त्याच्याभोवती भरपूर मोकळी जागा सोडलेली असते. बोधचिन्हातील अक्षरे माझ्या भागीदाराने बोरूने काढलेली आहेत. वेष्टन दुरून पाहिले तरी ते आमचे आहे हे कळते, असे ग्राहक सांगतात, आणि या गोष्टीचा आम्हाला फार आनंद वाटतो.

संकेतस्थळ मात्र आम्ही घाईत उभे केले. वर्डप्रेस या संकेतस्थळे उभारण्याच्या प्रणालीवर एक तयार थीम, म्हणजे रंगरूप आणि मांडणीचा तयार साचा, बसवली, वरच्या पट्टीत बोधचिन्ह टाकले, पट्टी आणि बटणे नारिंगी केली, बटणांवर पांढरी अक्षरे ठेवली आणि काम झाले असे मानले. आता ते पाहताना जाणवते की बोधचिन्ह बोटाने झाकले तर हे संकेतस्थळ कोणत्याही व्यवसायाचे असू शकेल.

अडचणी मुख्यतः तीन आहेत. पहिली रंगाची. वेष्टनाचा मोबाइलवर फोटो काढून त्यातून मी नारिंगी रंग उचलला होता. तो माझ्या संगणकावर भडक दिसतो आणि भागीदाराच्या फोनवर लालसर दिसतो. बोधचिन्हाच्या मूळ फाइलमध्ये लाल २३२, हिरवा १०६, निळा २३ अशी मूल्ये (० ते २५५ या मापात) आहेत, आणि गडद निळ्याची मूल्ये २७, ४२, ७३ अशी आहेत, हे मला नंतर समजले. दुसरी अडचण अशी की एका ज्येष्ठ ग्राहकांनी कळवले की बटणावरील ‘खरेदी करा’ ही अक्षरे उजेडात वाचता येत नाहीत. तिसरी अडचण सर्वांत जास्त मनस्ताप देणारी ठरली: थीमच्या सीएसएस फाइलमध्ये, म्हणजे पानाचे रंग, अक्षरे आणि मांडणी ठरवणारे नियम असलेल्या फाइलमध्ये, मी दोन रविवार बसून केलेले सगळे बदल थीम अपडेट होताच पुसले गेले.

संकेतस्थळावर मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. माझा प्रश्न असा की आता नवी थीम शोधावी, आहे तीच घडवत न्यावी, की एखाद्या जाणकाराकडे सर्व काम सोपवावे? आणि आपणच करायचे ठरवले तर आधी कशाला हात लावावा?

रंगमात्रा

आपला प्रश्न वाचून एक गोष्ट मला ठळकपणे जाणवली. आपल्या वेष्टनाची ओळख सांगताना आपण रंगांबरोबरच पिवळसर कागद, मोजका मजकूर आणि मोकळी जागा यांचाही उल्लेख केलात. संकेतस्थळावर मात्र त्यांपैकी फक्त नारिंगी रंग आणि बोधचिन्ह एवढेच नेले. संकेतस्थळ परके वाटण्याचे कारण मला येथेच दिसते. उरलेल्या तीन गोष्टी आज थीम ठरवते आहे: पांढरीशुभ्र पार्श्वभूमी तिची, चौकटींची दाटी तिची आणि पहिल्या पानावरचे सरकते चित्रही तिचेच. त्यामुळे थीम बदलण्याआधी एका कागदावर आपल्या वेष्टनाचे नियम लिहून काढावेत, आणि त्यांपैकी प्रत्येकाला पडद्यावर काय पर्याय आहे ते शेजारी लिहावे, असे मी सुचवेन.

रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे बहुतेक जण अडखळतात. फोटोवरून रंग उचलू नये. कॅमेरा त्या वेळच्या प्रकाशानुसार छायाचित्राचा तोल आपोआप बदलतो, म्हणून तेच वेष्टन खिडकीजवळ आणि दिव्याखाली दोन वेगवेगळे नारिंगी देते. बोधचिन्हाच्या मूळ फाइलमधील मूल्ये हाती आहेत, तर तीच प्रमाण मानावीत. तरीही छापील रंग आणि पडद्यावरचा रंग तंतोतंत जुळणार नाही, हे आधीच स्वीकारलेले बरे. छपाईत शाई कागदावर पडते आणि परावर्तित प्रकाशातून रंग दिसतो, तर पडदा स्वतः प्रकाश बाहेर टाकतो. शिवाय प्रत्येक पडद्याची जुळणी निराळी असते. वेबसाठी एसआरजीबी नावाची रंगव्यवस्था प्रमाण मानली जाते. ती १९९६ मध्ये प्रस्तावित झाली आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली. आपली सर्व चित्रे त्याच व्यवस्थेत निर्यात करावीत. छपाईसाठी तयार केलेली चार शायांची जेपेग फाइल तशीच चढवली, तर तिचे रंग भलतेच दिसू शकतात. आपल्या भागीदाराच्या फोनवरचा लालसरपणा काही अंशी त्या फोनच्या पडद्याच्या मांडणीमुळेही असेल, आणि त्यावर आपल्या हाती उपाय नाही. तीन-चार निरनिराळ्या पडद्यांवर पाहून एकदा मूल्य निश्चित करावे आणि पुढे त्याला हात लावू नये.

आता बटणाविषयी. आपल्या ग्राहकांची तक्रार अगदी रास्त आहे आणि ती मोजून दाखवता येते. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, मोठ्या अक्षरांना, म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असल्यास १४ पॉइंट आणि त्यावरील अक्षरांना, ३ : १ चालते. आपण दिलेल्या नारिंगीवर पांढरी अक्षरे ठेवली तर हे गुणोत्तर साधारण ३.२ भरते. म्हणजे मोठा मथळा कसाबसा चालेल, बटणावरची लहान अक्षरे चालणार नाहीत. आपल्याला वाटेल की मग आपलाच गडद निळा त्यावर ठेवावा. मी गणित करून पाहिले: ते सुमारे ४.४ येते, म्हणजे मर्यादेच्या अगदी अलीकडे थांबते. तोच निळा थोडा अधिक गडद केला, उदाहरणार्थ २०, ३०, ५६, तर गुणोत्तर पाचच्या वर जाते आणि डोळ्यांना तो आपलाच निळा वाटतो. पांढऱ्यावर आपला मूळ निळा मात्र १४ च्याही पुढे जातो, त्यामुळे सर्व लेखनमजकुरासाठी तो उत्तम आहे.

यावरून पुढची गोष्ट निघते. रंगांची नावे ‘नारिंगी’ आणि ‘निळा’ अशी ठेवण्याऐवजी त्यांची कामे ठरवावीत: मजकुराचा रंग, दुव्याचा रंग, मुख्य बटणाची पार्श्वभूमी, त्यावरील अक्षरे, पानाची पार्श्वभूमी, रेघेचा रंग, आणि चूक झाल्याची सूचना देणारा रंग. हा शेवटचा रंग लोक हमखास विसरतात, आणि आपल्या बाबतीत तर ते विशेष अडचणीचे आहे, कारण नारिंगी बटणाच्या शेजारी लाल सूचना आली तर ती वेगळी उठून दिसत नाही. अशी सूचना रंगाबरोबर शब्दांतही द्यावी. मजकुरातील दुव्यांसाठी मूळ नारिंगी पांढऱ्यावर फिका पडतो. त्याचीच गडद छटा, म्हणजे साधारण १७६, ७२, ८, घेतली तर गुणोत्तर साडेपाचच्या आसपास येते. दुव्याखालची रेघ काढून टाकू नये, कारण ज्यांना रंगांतील फरक ओळखणे कठीण जाते त्यांना ती रेघच दुवा दाखवते.

वरची नारिंगी पट्टी मी काढून टाकेन. आपल्या वेष्टनावर नारिंगी किती टक्के जागा व्यापतो ते एकदा पाहावे. माझा अंदाज असा की तो थोडाच असेल आणि म्हणूनच लक्ष वेधत असेल. पट्टी, बटणे, मथळे आणि चिन्हे असे सगळेच नारिंगी झाले की ‘खरेदी करा’ हे बटण त्या गर्दीत हरवते.

धागादोरा

रंगांविषयी वर लिहिले आहेच. मी पुसल्या गेलेल्या कामाविषयी लिहितो. दोन रविवारांची मेहनत एका क्षणात जाणे काय असते हे मी जाणतो, आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

थीम अपडेट होते तेव्हा वर्डप्रेस तिचे जुने फोल्डर काढून त्या जागी नवे ठेवते. त्या फोल्डरमधील कोणत्याही फाइलमध्ये आपण केलेला बदल त्याबरोबर जातो. आपण केलेले बदल त्या फोल्डरच्या बाहेर असले पाहिजेत. यासाठी तीन जागा आहेत. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये कस्टमायझरच्या (थीमचे रूप बदलण्याच्या विभागाच्या) आत अतिरिक्त सीएसएससाठी एक रकाना असतो. तो वर्डप्रेसच्या ४.७ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून उपलब्ध आहे. तेथे लिहिलेले डेटाबेसमध्ये साठते, त्यामुळे थीम अपडेट झाली तरी टिकते. थीमच बदलली तर मात्र ते नव्या थीमला लागू होत नाही. नव्या पद्धतीच्या, ठोकळ्यांवर (ब्लॉकवर) आधारलेल्या थीममध्ये साइट एडिटर आणि त्यातील शैलींचा विभाग असतो, जेथे रंग, अक्षरे आणि अंतरे संपूर्ण संकेतस्थळासाठी एकदाच ठरवता येतात. अशा थीम जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.९ या आवृत्तीपासून वापरात आल्या. तिसरी जागा म्हणजे चाइल्ड थीम: मूळ थीमवर अवलंबून असलेली एक छोटी वेगळी थीम, जिच्यात फक्त आपले बदल असतात.

आपल्याला सीएसएस लिहिता येते असे दिसते, तर चाइल्ड थीमच करावी. तिच्यात सर्वांत वर आपले रंग आणि अंतरे सीएसएसच्या चलांत (नाव देऊन साठवलेल्या मूल्यांत) एकदा लिहून ठेवावीत आणि खाली सर्वत्र त्या चलांचाच उपयोग करावा. वर रंगमात्रा यांनी कामानुसार नावे द्यायला सांगितले आहे, ते येथे फार उपयोगी पडते. चलाचे नाव ‘मुख्य-बटण’ असेल तर उद्या बटणाचा रंग बदलताना एकच ओळ बदलावी लागते. नाव ‘नारिंगी’ ठेवले आणि पुढे बटण निळे केले, तर ते नाव खोटे सांगू लागते आणि सहा महिन्यांनी आपणच गोंधळतो.

थीमचा एखादा नियम आपल्या नियमावर मात करत असेल, तर प्रत्येक ओळीपुढे ‘इम्पॉर्टंट’ ही नियम सक्तीने लागू करणारी खूण लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. ब्राउझरमध्ये त्या भागावर उजवी कळ दाबून तपासणीची चौकट उघडली की थीमचा कोणता निवडक (सिलेक्टर, म्हणजे नियम पानाच्या कोणत्या भागाला लागू आहे ते सांगणारा शब्द) लागू झाला आहे ते दिसते. आपला निवडक तेवढाच नेमका लिहिला आणि आपली फाइल नंतर वाचली जात असेल, तर आपला नियम लागू होतो. बदल दिसत नसेल तर नियम चुकला असे मानण्याआधी कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत, रिकामी करून पाहावी. आणि हे सर्व करण्याआधी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवावी, शक्य असेल तर चाचणीसाठी वेगळी प्रत चालवावी.

नवी थीम घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर असे: आपल्या थीममध्ये काय लपवावे लागते याची मोजणी करावी. रंग आणि अक्षरे बदलणे सोपे असते, पण मांडणी मोडून नवी करावी लागत असेल, म्हणजे कडेची पट्टी, सरकते चित्र, दुहेरी मेनू असे एकेक भाग झाकण्यातच निम्मी सीएसएस खर्ची पडणार असेल, तर जवळजवळ कोरी असलेली साधी थीम घेऊन त्यावर उभारणे कमी कष्टाचे ठरते. झाकलेले भाग बहुधा तरीही उतरवले जातातच आणि पान जड करतात.

अक्षरांविषयी एवढेच म्हणेन की वेबफॉन्ट, म्हणजे पानाबरोबर उतरवले जाणारे फॉन्ट, शक्यतो टाळावेत. वाचकाच्या यंत्रावरील अक्षरे वापरली की पान लगेच उघडते.

खिळेजुळारी

शेवटच्या मुद्द्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. ज्या व्यवसायाचे उत्पादनच कागद, शाई आणि अक्षर यांच्याशी जोडलेले आहे, त्याच्या संकेतस्थळावरचे अक्षर यंत्राच्या मर्जीवर सोडणे मला पटत नाही. देवनागरीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, कारण एका यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे अक्षर येते, आणि त्यांची उंची, जाडी व जोडाक्षरांची घडण इतकी निराळी असते की पानाचा तोल ढळतो.

आपला मजकूर दोन लिप्यांत आहे, म्हणून दोन्ही लिप्या एकाच कुटुंबात आखलेला फॉन्ट घ्यावा. ‘मुक्त’, पॉपिन्स, हिंद, बलू यांसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. नोटो कुटुंबात देवनागरीसाठी साधा आणि सेरिफ (जाड-बारीक रेघांचा) असे दोन्ही प्रकार मिळतात. तिरो देवनागरी मराठी हा तर मराठीची अक्षरवळणे ध्यानात घेऊनच आखलेला आहे. यांपैकी पॉपिन्सची भौमितिक गोलाई किंवा बलूचा गुबगुबीत ठळकपणा आपल्या बोरूच्या अक्षरांशेजारी मला विसंगत वाटेल. मजकुरासाठी तिरो किंवा नोटो सेरिफ, आणि बटणे व मेनूसाठी ‘मुक्त’ हा फॉन्ट, अशी जोडी मी आधी पडद्यावर लावून पाहीन.

थीम मूलतः रोमन लिपीसाठी आखलेली असते आणि तिचे काही नियम देवनागरीला बाधतात. हे आपल्याला कोणी आधी सांगितले नसेल म्हणून सविस्तर लिहितो. बऱ्याच थीम मथळ्यांत आणि बटणांत अक्षरांमधील अंतर वाढवतात. रोमनमध्ये ते शोभते, पण देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. मराठी मजकुरासाठी हे अंतर शून्यावर आणावे. ओळींमधील अंतर मात्र वाढवावे, कारण वरच्या वेलांट्या व रफार आणि खालचे उकार यांना जागा लागते. थीमने अक्षराच्या आकाराच्या १.४ पट ठेवले असेल तर मी मराठीसाठी १.६ ते १.७ पट ठेवतो. मेनूची किंवा बटणाची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधलेली असेल तर ‘र्कि’सारख्या अक्षरांचा माथा कापला जाऊ शकतो, म्हणून तेथे उंचीऐवजी आतील समास द्यावा. तिरपी अक्षरेही तपासावीत. देवनागरी फॉन्टमध्ये तिरपा प्रकार क्वचितच असतो आणि नसल्यास ब्राउझर सरळ अक्षरे नुसती कलती करतो, ती वाचायला वाईट दिसतात; ठसठशीतपणा हवा असेल तेथे जाडी वाढवावी. आणि पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ संकेतलेखनात, नोंदवावे. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी असतात. दोन्ही वळणे असलेल्या फॉन्टला योग्य वळण निवडण्यासाठी हीच नोंद लागते.

वेगाची काळजी योग्य आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. एकूण दोन किंवा तीन जाड्याच घ्याव्यात, वॉफ-२ या दाबलेल्या स्वरूपातील फाइली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवाव्यात, आणि फॉन्ट येईपर्यंत यंत्रावरील अक्षरांत मजकूर दिसू द्यावा, अशी सूचना सीएसएसमध्ये द्यावी. या शेवटच्या सूचनेचा एक तोटाही आहे: फॉन्ट बदलताना ओळी हलतात. म्हणून पर्यायी फॉन्ट आकाराने जवळचा निवडावा.

धागादोरा

हे मला मान्य आहे. मराठी मजकुराचा विचार न करता मी सरसकट लिहिले होते. दोन जाड्या आणि स्वतःच्या सर्व्हरवर फाइली, एवढे पाळले तर माझा आक्षेप राहत नाही. मोजमाप हवे असेल तर गूगलच्या निकषांनुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा आणि मांडणी हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत असावा. फॉन्ट लावण्याआधी आणि नंतर हे दोन आकडे टिपून ठेवावेत.

लाकूडकाम

मी रंग-अक्षरांतला जाणकार नाही. लाकडी खेळणी तयार करणारा एक लहान व्यावसायिक आहे, आणि आपण आज जेथे आहात तेथून मी तीन वर्षांपूर्वी गेलो आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

मी तेव्हा एका व्यावसायिकाकडे सर्व काम सोपवले होते. त्यांनी संकेतस्थळ देखणे केले, परंतु मी त्यांना फक्त बोधचिन्ह आणि दोन रंग दिले होते. माझी खेळणी कशी आहेत, ती घेणारे पालक काय विचारतात, मी त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, यांतले काहीच मी सांगितले नव्हते. परिणामी पहिल्या पानावर विकत घेतलेली छायाचित्रे आली, ज्यांतली खेळणी माझी नव्हती, आणि ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ यासारखी वाक्ये आली, जी मी आयुष्यात कधी उच्चारलेली नाहीत. एका ग्राहकाने त्या छायाचित्रातले खेळणे मागितले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले, कारण नकळत का होईना, मी त्यांची दिशाभूल केली होती. दोष त्या व्यावसायिकाचा जितका, त्याहून अधिक माझा होता.

त्यानंतर मी छायाचित्रे स्वतः काढली: एकाच खिडकीजवळ, दिवसाच्या एकाच वेळी, एकाच फळीवर ठेवून, आणि सर्व एकाच प्रमाणात कापली. महागडा कॅमेरा नव्हता. परंतु चाळीस वस्तूंची चित्रे एका रांगेत सारख्या उजेडात दिसू लागली तेव्हा संकेतस्थळ प्रथमच माझे वाटले. रंग आणि अक्षरे तोपर्यंत तशीच होती. आपल्या वह्यांच्या बाबतीत शिवण, कागदाची कड आणि उघडल्यावर वही सपाट राहते की नाही, हे जवळून दाखवणारी चित्रे घ्यावीत. हातात धरलेली वही एका तरी चित्रात असावी, कारण आकार नुसत्या सेंटिमीटरांवरून समजत नाही.

दुसरे काम शब्दांचे. आपल्या पाठवणीच्या चिठ्ठीवर आपण काय लिहिता ते पाहा आणि संकेतस्थळाने आपोआप पाठवलेला मेल उघडून शेजारी ठेवा. थीम आणि प्लगइन (संकेतस्थळाला जोडलेली पूरक साधने) यांनी दिलेली वाक्ये बहुधा तशीच राहिलेली असतात: ‘तुमची ऑर्डर प्रक्रियेत आहे’, ‘कार्ट रिकामी आहे’, ‘काहीही आढळले नाही’. ही वाक्ये ग्राहक पहिल्या पानाइतकीच लक्षपूर्वक वाचतो, कारण त्या क्षणी त्याचे पैसे त्यात गुंतलेले असतात. मी ती सर्व एका वहीत उतरवून, ग्राहक समोर उभा असता तर जसे बोललो असतो तसे पुन्हा लिहिली. यासाठी एक संध्याकाळ लागली.

जाणकाराकडे काम सोपवण्याविषयी माझे मत असे की सोपवावे, पण वरील मंडळींनी सांगितलेला नियमांचा कागद, खरी छायाचित्रे आणि खरा मजकूर तयार झाल्यावर सोपवावे. काम पूर्ण झाल्यावर चाइल्ड थीम, फॉन्टच्या फाइली, बोधचिन्हाची एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी) फाइल आणि सर्व खात्यांचे अधिकार आपल्या ताब्यात येतील, हे सुरुवातीलाच लेखी ठरवावे. मी ते ठरवले नव्हते आणि पुढे एक साधा दूरध्वनी क्रमांक बदलण्यासाठी मला तीन आठवडे थांबावे लागले.

शाईसुई

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघे वेष्टन समोर ठेवून बसलो आणि नियमांचा कागद तयार केला. रंगमात्रा यांचा अंदाज बरोबर निघाला: वेष्टनावर नारिंगी फक्त शिवणीच्या दोऱ्यावर आणि एका बारीक रेघेवर आहे. बाकी सर्व पिवळसर कागद आणि निळा मजकूर आहे. इतकी वर्षे रोज हाताळूनही हे आमच्या कधी लक्षात आले नव्हते.

नारिंगी पट्टी काढली, पार्श्वभूमी कागदासारखी फिकट पिवळसर केली, आणि नारिंगी फक्त मुख्य बटण व मथळ्याखालची रेघ यांसाठी ठेवला. चाइल्ड थीम तयार केली आहे. मराठी मथळ्यांतील अक्षर-अंतर खरोखरच थीमने वाढवलेले होते. ते काढताच शब्द एकसंध दिसू लागले.

आता दोन प्रश्न उरले आहेत. भागीदाराची इच्छा आहे की बोरूच्या अक्षरांचा फॉन्ट करून घ्यावा आणि तोच सर्व मथळ्यांना लावावा. आणि काही ग्राहकांचे फोन गडद पार्श्वभूमीवर चालतात, त्यांच्यासाठी वेगळी रंगसंगती करावी का?

खिळेजुळारी

बोरूची अक्षरे बोधचिन्हापुरतीच ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगेन. हाताने काढलेल्या अक्षरांत प्रत्येक ‘व’ किंचित निराळा असतो आणि त्यातच त्यांचा जिवंतपणा असतो; फॉन्टमध्ये एकच ‘व’ शंभर वेळा छापला जातो आणि तो जिवंतपणा उरत नाही. शिवाय देवनागरीचा पूर्ण फॉन्ट घडवायचा तर शेकडो जोडाक्षरे आणि मात्रांच्या जागा आखाव्या लागतात. ते महिनोन्‌महिन्यांचे काम आहे. भागीदारांच्या हाताला संकेतस्थळावर जागा द्यायचीच असेल, तर वह्यांच्या प्रत्येक प्रकाराचे नाव त्यांच्याकडून लिहून घ्यावे आणि एसव्हीजी चित्र म्हणून त्या त्या पानावर लावावे. त्या चित्राला पर्यायी मजकूर मात्र अवश्य द्यावा, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही ते नाव समजेल.

रंगमात्रा

गडद रंगसंगती आत्ताच करण्याची गरज नाही. पिवळसर कागद हीच आपली ओळख आहे, आणि गडद पार्श्वभूमीवर तिची जागा कोण घेणार याचा विचार शांतपणे करायला हवा. आपण सर्व रंग चलांत ठेवले आहेत, त्यामुळे पुढे करायचे झाल्यास त्या यादीचीच दुसरी प्रत लिहावी लागेल. एक काम मात्र आत्ता करावे: निळ्या अक्षरांचे बोधचिन्ह गडद पार्श्वभूमीवर दिसेनासे होते, म्हणून त्याची फिकट अक्षरांची आवृत्ती आजच तयार करून घ्यावी. मेल वाचण्याची काही ॲप स्वतःहून पार्श्वभूमी गडद करतात, आणि आपण पाठवलेल्या पावतीवरचे बोधचिन्ह तेथे आजही अदृश्य होत असण्याची शक्यता आहे.

आणखी एक. पार्श्वभूमी आता पांढरी राहिलेली नाही, तेव्हा दुव्यांच्या गडद नारिंगीचे गुणोत्तर त्या पिवळसर रंगावर पुन्हा मोजावे. पांढऱ्यावर मी सांगितलेला आकडा तेथे थोडा खाली येईल.

शाईसुई

पावतीचा मेल गडद पार्श्वभूमीवर उघडून पाहिला. बोधचिन्हाच्या जागी खरोखरच काही दिसत नव्हते. फिकट आवृत्ती आज रात्री तयार करतो. दुव्यांचे गुणोत्तर आमच्या पिवळसर पार्श्वभूमीवर ४.५ च्या वरच आहे. बोरूच्या नावांची कल्पना भागीदाराला फार आवडली आणि त्याने सात प्रकारांपैकी तीन नावे लिहूनही ठेवली आहेत. छायाचित्रे शनिवारी सकाळी, खिडकीजवळच्या टेबलावर काढणार आहोत.